खाली तुझं नाव होतं

होबार्ट
शनिवार, १७ मे

प्रिय रोरी,

अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. आईचा खुबा आता छान चालतो. काठी लागत नाही म्हणते, आणि मग ती काठी कुठे ठेवली ते शोधण्यात सकाळ घालवते. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून ती घरी गोड खात नाही, शेजारी मार्जकडे जाऊन खाते. थंडी पडली तशी कोंबड्यांनी अंडी देणं थांबवलं. शेगडीसाठी गाडीभर लाकडं घेतली, ती ओली निघाली. विकणारा छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "दोन वर्षं वाळलेली आहेत, बाई." आता घरभर धूर आहे आणि त्याचा फोन लागत नाही.

कॅरिस आणि मुली मजेत असतील. धाकटीचा दात पडला का?

कागदावरचं पत्र बघून हसू नकोस. मला फोनवर काही लिहायचीच किळस आली आहे. इतकी वर्षं जिने लोकांचे निरोप कुलपात घालायचं काम केलं, ती बाई आता जिभेने पाकीट चिकटवते आहे. आमच्या मालकाला, डर्मटला, कळलं तर तो याचीही जाहिरात करील. निरोप पाठवायच्या आमच्या 'पोटरू' अ‍ॅपची नवी जाहिरात पाहिलीस? शहरातल्या प्रत्येक बसच्या पाठीवर आहे. नावातला तो सशाएवढा, कांगारूच्या जातीचा लाजरा प्राणी गवतातून डोकावतो आणि खाली लिहिलंय, 'तुमचं गुपित, फक्त तुमचं.' परवा सिग्नलला त्या बसमागे माझी गाडी उभी होती. दिवा हिरवा होताच मी दुसऱ्या रस्त्याला वळले.

मुद्द्यावर यायचं टाळते आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तू पोलिसातला, चौकशा करणारा माणूस. लहानपणीही मी लांबण लावली की तू म्हणायचास, "मेर, काय फोडलंस ते आधी सांग."

आधी चांगलं सांगते, कारण ते खरं आहे. गेल्या हिवाळ्यात ती शाळकरी पोर नाहीशी झाली तेव्हा तू माझ्याकडे आला होतास. दाढी वाढलेली, अंगाला शिळ्या कॉफीचा वास. म्हणालास, "तो हलकट तुमच्या पोटरूवरच तिच्याशी बोलायचा. त्याचे निरोप उघड."

मी म्हटलं, "नाही उघडत. आमच्या हातीही लागू नयेत असंच ते बांधलंय. दोनच किल्ल्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला."

"मग तिसरी बनव! आणि तुझ्या त्या तत्त्वांचं लोणचं घाल!" असं म्हणून तू टेबलावर मूठ आपटलीस. आई दुसऱ्या खोलीतून म्हणाली, "कप फुटला का रे?"

मग सरकारी कागद आला. तिसरी किल्ली बनवा, आणि बनवल्याचं कुणाला सांगू नका. सांगितलंत तर तुरुंग, पाच वर्षांपर्यंत. डर्मटने तो कागद माझ्याकडे दोन बोटांनी सरकवला. कंपनीचा मालक तो, पण म्हणाला, "यातलं मला काही कळवू नकोस. म्हणजे कुणी विचारलं तर मला खोटं बोलावं लागणार नाही." अशा माणसाच्या हाताखाली मी काम करते. किल्ली मी एकटीने केली. ती नीट चालते का हे बघायला त्या हलकटाचे निरोप मलाच वाचावे लागले. त्यातला एक शब्द इथे लिहिणार नाही. कित्येक दिवस मला ताटावर बसवत नव्हतं.

पोर जिवंत सापडली. त्या हलकटाच्या कॅरॅव्हॅनमधून तू तिला उचलून बाहेर आणलंस आणि मग मला फोन करून हमसून हमसून रडलास. ती किल्ली नसती तर ती पोर आज नसती. हे मी कुणाच्याही तोंडावर म्हणेन. कुलूप म्हणजे कुलूप, मग आत कुणी मेलं तरी चालेल, असं म्हणणारे आमच्या धंद्यात खूप आहेत. त्यांचीही मला किळस येते. त्यांनी ते निरोप वाचलेले नाहीत.

पण किल्ली एकदा झाली की ती खुंटीला लटकत राहते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याचं तिच्याकडे लक्ष जातं. आधी खुनाचा तपास आला, मग अमली पदार्थ, मग समुद्रातल्या क्रेफिशची, शेवंडांची, चोरी. क्रेफिश, रोरी! मी त्या अधिकाऱ्याला फोन करून विचारलं तर तो म्हणाला, "गुन्हा तो गुन्हाच, बाई." निदान त्याच्याकडे न्यायाधीशाचा कागद होता. कागदाशिवाय फक्त तातडीची मागणी चालते. कुणाच्या जिवाला धोका असेल तर अधिकाऱ्याने आपल्या नावाने मागायचं, कागद मागाहून. नियम चांगला आहे. कॅरॅव्हॅनमधल्या पोरीसाठी मीच तो मागितला असता.

आता आईच्या वाढदिवसाचं आठव. फेब्रुवारी, अंगणात तू सॉसेज भाजत होतास, तुझ्या एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात बिअर. मी तुला बोलले की आमच्याकडे सगळ्यांना महिन्याला पासवर्ड बदलायला लावते, तर माझ्यावर चिडतात. तू खो खो हसलास. "आमच्याकडे ये एकदा. माझ्या नावावर आख्खी खोली काम करते. पासवर्ड पिवळ्या चिठ्ठीवर लिहून स्क्रीनलाच डकवलाय मी. ग्रँटला स्वतःचा तर कधीच आठवत नाही. तो रोज माझ्याच नावाने बसतो."

मी म्हटलं, "वेडा आहेस का? त्याने उद्या काही केलं तर तुझ्या गळ्यात येईल."

"ग्रँट?" तू म्हणालास. "अगं, तो माझा दोस्त आहे." इकडे हा शब्द उच्चारला की पुढचा प्रश्न विचारायचा नसतो. मीही विचारला नाही. आई पाव्हलोव्हा केक घेऊन आली आणि आपण सगळ्यांनी मेणबत्त्यांवर फुंकर मारली.

मार्चमध्ये एका दुपारी तातडीची मागणी आली. बेपत्ता स्त्री, सोबत लहान मूल, जिवाला धोका. बाईचं नाव नव्हतं, नुसता नंबर होता; नेहमी तसंच येतं. अशा वेळी उलट फोन करायचा, कोण, कशावरून, कुणी पाहिलं, हे खोदून विचारायचं, हा माझा नियम. त्या दिवशी मी विचारलं नाही. खाली तुझं नाव होतं. म्हटलं, माझा भाऊ पुन्हा कुणाला तरी उचलून बाहेर आणणार. मी किल्ली फिरवली आणि उरलेलं सँडविच खाल्लं.

ती बेपत्ता नव्हती. ती नवऱ्यापासून, ग्रँटपासून, लपली होती.

पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहे, पण तू ते सरकारी भाषेत ऐकलंस. मी तिच्या तोंडून ऐकलं. टॅमसिनने बहिणीला पोटरूवर लिहिलं होतं, बेकरीच्या मागचं हिरव्या दाराचं घर, पाव भाजल्याचा वास येतो, पोरगा आता झोपायला लागलाय. चार दिवसांनी ती बाजार करून आली तर ग्रँट स्वयंपाकघरात बसलेला. त्याने चहा करून घेतला होता, तिच्याच कपात. म्हणाला, "दूध संपलंय." मग त्याने तिचं मनगट मोडलं आणि जबडा मोडला. पोरगा कपडे धुवायच्या खोलीत मशीनमागे जाऊन बसला.

तिने इस्पितळातून आमच्या मदतीच्या नंबरावर फोन केला तो माझ्याकडे आला. जबडा बांधलेला, शब्द फुटत नव्हते. पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "कुणी वाचू शकत नाही म्हणाला होतात ना? मग त्याला कसं कळलं? मी कुठे चुकले?" तिला वाटत होतं तिच्याच हातून काहीतरी झालं. बहिणीवर संशय घेऊन बसली होती बिचारी. आणि मी, जिने किल्ली फिरवली, काय म्हणाले सांगू? "आम्ही तपास करतो आहोत, ताई. तुमचा निरोप आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." खरं बोलले असते तर तुरुंग.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं आपण सहज म्हणतो. त्या कुणी दिल्या ते आपण विचारत नाही. मी दिल्या, तुझं नाव वाचून.

तेव्हा ईस्टरला मी तुझी वाट बघत होते. मला वाटलं तू येशील आणि म्हणशील, मेर, मी उद्याच जाऊन सांगतो. चौकशी बसली होती. ग्रँट म्हणत होता की तिनेच मला बोलावलं, आमचं भांडण झालं, ती पायरीवरून पडली. त्याला पत्ता कसा मिळाला हे फक्त तू सांगू शकत होतास. आणि तू चौकशीत म्हणाला होतास, मागणी मीच टाकली असेल, इतक्या टाकतो, आठवत नाही.

आपण मागच्या ओट्यावर होतो. तू माझ्याकडे न बघता ती ओली लाकडं रचत होतास.

मी म्हटलं, "आठवत नाही की सांगायचं नाही?"

"सगळेच एकमेकांचे पासवर्ड वापरतात गं. कामाच्या धबडग्यात कोण बघतो?"

"रोरी, त्याने तुझ्या नावावर बायको शोधली. तेवढं सांग."

"त्याने मला समुद्रातून ओढून काढलंय, विसरलीस? आणि आपल्यातल्या माणसाची चहाडी करायची नाही, हे बाबांनीच शिकवलं ना?"

"गोदीच्या मुकादमाकडे करायची नाही, असं शिकवलं होतं. बायकोचा जबडा मोडणाऱ्याला पाठीशी घाला, असं नव्हतं शिकवलं."

तेव्हा तू लाकूड खाली ठेवलंस आणि हसलास. ते हसू मला अजून दिसतं. म्हणालास, "हे बघ. वाढदिवसाला मी काय बोललो ते घरातलं बोलणं. खाजगी. तूच तर जन्मभर सांगत आलीस ना, लोकांचं खाजगी बोलणं पवित्र असतं? मग तू काही ऐकलेलं नाहीस."

आणि आत जाऊन आईला म्हणालास, "मटण काय झकास झालंय आज!"

मला त्या क्षणी तुझी शिसारी आली. मी तुला कडेवर घेऊन फिरवलंय, तुझं शेंबडं नाक पुसलंय, तेव्हाही आली नव्हती एवढी. गावातल्या प्रत्येकाचं तोंड उघडायला किल्ली मागणारा माझा भाऊ दोस्तापुरता मुका होतो, आणि वर माझीच वाक्यं माझ्या तोंडावर फेकतो. तू तिच्या लग्नात नाचला होतास, रोरी. तिच्या पोराची गाडीतली खुर्ची तू बसवून दिलीस. कॅरिस बाळंत झाली तेव्हा आठवडाभर जेवणाचे डबे टॅमसिनने पाठवले.

तरी तुझा टोमणा वर्मी लागला, हे कबूल करते. महिनाभर मी गप्प राहिले. माणूस भावंडांत, शेगडीजवळ, हातात बिअर घेऊन जे बोलतो ते पुढे नेऊन वाचायचं नसतं, हे मी खरंच मानते. ते मानते म्हणून तर हे काम धरलं. रोज वाटायचं, आज तू जाशील. रोज संध्याकाळी तुझा फोन यायचा आणि तू आईच्या खुब्याची चौकशी करायचास.

मग गेल्या आठवड्यात टॅमसिनच्या वकिलाकडून कळलं की ग्रँटला दर शनिवारी पोराला भेटायची परवानगी मिळणार आहे. त्याच्याविरुद्ध ठोस काही नाही आणि नोकरीतला रेकॉर्ड उत्तम. म्हणजे दर शनिवारी ते पोर त्याच्या हाती द्यायचं, आणि दर शनिवारी तिने आपला नवा पत्ता त्याच्यापासून वाचवत फिरायचं.

जेवून पुढे लिहिते आहे. आईने सूप केलं होतं. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही, हेही इथेच लिहून टाकते.

परवा गुरुवारी मी चौकशीवाल्या बाईंकडे गेले. तेवढ्या एकाच दारी बोलायची मला कायद्याने मुभा आहे. तिसरी किल्ली मी केली आणि मी फिरवली, हे सांगितलं. खाली कुणाचं नाव होतं ते सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "ते नाव दुसरं कुणी वापरत होतं, हे तुम्हाला कसं माहीत?" आणि मी आईच्या वाढदिवसाचं सगळं सांगितलं. चिमटा, बिअर, पिवळी चिठ्ठी, तुझे शब्द जसेच्या तसे. तुझं हसणंसुद्धा. मग ओट्यावरचंही सांगितलं. त्या लिहून घेत होत्या आणि मला वाटत होतं, मी कुणाचा तरी बंद निरोप मोठ्याने वाचून दाखवते आहे. मग मी सही केली. त्या म्हणाल्या, "पाणी हवंय का?" मी नको म्हटलं.

काल सकाळी ग्रँटला त्यांनी उचललं. तुझ्या पासवर्डवर काम करणारी खोलीतली पोरंही आता बोलू लागली आहेत. एक बोलला की सगळ्यांना आठवतं. बुधवारी तुला बोलावतील. नोकरी राहणार नाही, असं त्या बाईंनी मला स्पष्ट सांगितलं. ग्रँटला अटक झाल्यावर तुला कळवायला त्यांची हरकत नव्हती, म्हणून हे पत्र. कॅरिसला हे तुझ्या तोंडून कळू दे, दारात उभ्या राहिलेल्या कुणाकडून नको.

तू म्हणशील, सख्ख्या बहिणीने चहाडी केली. केली. शंभरदा विचारलंस तरी हेच उत्तर येईल. मला वाईट वाटतं का? फार वाटतं. पण त्या वाईटाहून किळस जास्त आहे, तुझी, डर्मटची, त्या बसवरच्या जनावराची आणि सँडविच खात बसलेल्या माझी. डर्मटकडे राजीनामा टाकला आहे. किल्ली मोडून टाकावी की ठेवावी, हे मला अजूनही ठरवता येत नाही. मोडली तर उद्याची पोर कॅरॅव्हॅनमध्ये मरेल, ठेवली तर उद्याचा ग्रँट चहा करून बसेल. ज्याला हे सोपं वाटतं त्याच्याशी मी बोलतच नाही.

काल दुपारी मी टॅमसिनला जाऊन भेटले. नवं घर आहे, कुठे ते लिहीत नाही. जबड्यात अजून तारा आहेत. पोरगा माझ्यापासून दूर, तिच्या खुर्चीमागे उभा होता. मी तिला सगळं सांगितलं, किल्लीचंही. त्याबद्दल मला आत टाकायचं तर टाकोत. तिला एवढं कळायला हवं होतं की चूक तिची नव्हती आणि तिच्या बहिणीचीही नव्हती.

ती रागावली नाही. मी म्हटलं, ग्रँट आत आहे, आता घाबरू नकोस. तिने मान हलवली. मग तारांमधून, अगदी हळू, एकच विचारलं.

"रोरीला माहीत आहे का, मी कुठे राहते ते?"

तुझ्याबद्दल विचारत होती ती. तिच्या पोराची खुर्ची बसवणाऱ्याबद्दल. मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "सांगू नका हं त्याला." आणि मी, तुझी बहीण, तिला शब्द दिला. रोरी तसा नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. ते वाक्य माझ्याच्याने झालं नाही.

तेव्हा ती कुठे आहे ते मला कधीही विचारू नकोस. क्षमा मागायला जायचं असलं तरी नको.

तुझी,
यापुढे तुझं नाव वाचून थांबणारी,
मेरिडी